ऑफिसचा मेल : मूळ प्रत कुठे, कामाची प्रत कुठे

पीसी संथ झाला म्हणून हार्डवेअरवाल्याला बोलावले. "डी ड्राइव्हमधले सगळे जसेच्या तसे राहील, सी फक्त फॉरमॅट मारतो," असे सांगून तो कामाला लागला आणि संध्याकाळपर्यंत मशीन नव्यासारखे पळू लागले. दुसऱ्या दिवशी अकाउंट्सच्या मॅडमनी आउटलूक उघडले, पासवर्ड टाकला, तर इनबॉक्समध्ये जेमतेम दोन आठवड्यांचे मेल. त्याआधीचा सगळा पत्रव्यवहार, पार्ट्यांची बॅलन्स कन्फर्मेशन, बँकेची पत्रे, खात्याच्या नोटिसा, हे सी ड्राइव्हवरच्या एकाच फाइलमध्ये होते आणि फॉरमॅटबरोबर ती फाइल गेली. पाच-पंधरा पीसी असलेल्या ऑफिसांत, मग ते सीएचे असो, वकिलाचे असो की एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपचे, हा प्रकार आजही घडतो. त्यात फॉरमॅट मारणाऱ्याची चूक थोडी असते. मुळात अकाउंट जोडले त्या दिवशी कुणी एक गोष्ट ठरवलीच नव्हती : या मेलची मूळ प्रत राहणार कुठे, सर्व्हरवर की या टेबलावरच्या पीसीवर?

अकाउंटच्या सेटिंगमधली प्रत्येक खूण, प्रत्येक डबा या एका उत्तराला बांधलेला आहे. म्हणून आधी ते नीट समजून घ्या.

सातबाऱ्याचे मूळ दप्तर सरकारकडे असते आणि आपल्या हातात असतो तो उतारा. उतारा भिजला, फाटला, तरी दुसरा काढता येतो. आउटलूकमध्ये सर्व्हरशी जोडलेल्या अकाउंटची जी ओएसटी फाइल पीसीवर तयार होते, ती हा उतारा आहे. पीएसटी फाइल मात्र बहुतेक वेळा मूळ दप्तरच असते. ती गेली की सर्व्हरवर मागायला काही उरलेले नसते. दोन्ही फाइली दिसायला सारख्याच, आकार सारखाच, आणि आउटलूकच्या डावीकडच्या पट्टीत त्यांचे फोल्डरही सारखेच दिसतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पॉप पद्धत जुन्या काळाला शोभणारी होती. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा फोनच्या तारेवरून जोडणी व्हायची आणि जोडलेल्या वेळेचे पैसे पडायचे. अशा वेळी झटकन जोडायचे, आलेले मेल पीसीवर उतरवून घ्यायचे, सर्व्हरवरची जागा मोकळी करायची आणि लाइन सोडायची, हेच शहाणपणाचे होते. सर्व्हरवर जागाही तेव्हा काही एमबीचीच मिळायची. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी स्टॅनफर्डमध्ये १९८६ च्या सुमारास मांडली होती. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो. पीसी, लॅपटॉप, मोबाइल हे सगळे त्याच एका पेटीकडे बघतात. आज एकच मेल सकाळी फोनवर वाचला जातो आणि दुपारी टेबलावर त्याला उत्तर दिले जाते. अशा ऑफिसात पॉप ठेवण्याचे कारण मला तरी दिसत नाही. तरीही ते टिकून आहे, कारण दहा वर्षांपूर्वी कुणी तरी तसे जोडले आणि प्रत्येक नव्या पीसीवर तेच सेटिंग उतरवले गेले.

वरच्या उदाहरणातल्या दोन आठवड्यांचा उलगडा इथेच होतो. आउटलूकमध्ये पॉप अकाउंटच्या प्रगत सेटिंगमध्ये 'सर्व्हरवर प्रत ठेवा' अशी खूण असते आणि तिच्या खाली 'इतक्या दिवसांनी सर्व्हरवरून काढा' अशी दुसरी. ही दुसरी खूण बहुधा आधीच केलेली असते आणि आकडा असतो १४. म्हणजे पंधराव्या दिवसापासून त्या मेलची जगातली एकमेव प्रत त्या पीसीच्या हार्ड डिस्कवर. सर्व्हरवर रोज मेल दिसतात म्हणून सगळे निर्धास्त असतात. जुने मेल तिथे आहेत का, हे कुणी पाहत नाही.

तेव्हा पहिले काम : आपल्याकडे काय आहे ते पाहणे. आउटलूकमध्ये 'फाइल', मग 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. ई-मेलच्या पानावर प्रत्येक पत्त्यासमोर त्याचा प्रकार लिहिलेला असतो : पॉप, आयमॅप किंवा मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज. शेजारच्या 'डेटा फाइल्स'च्या पानावर फाइल कुठे ठेवली आहे तो पत्ता असतो. प्रत्येक पीसीवर बसून या दोन गोष्टी एका वहीत उतरवा : कोणाचे टेबल, कोणता मेल पत्ता, प्रकार, फाइल कुठे, किती मोठी. आवक-जावक नोंदवही ठेवणाऱ्या ऑफिसला ही एक पानाची वही जड नाही. अर्ध्या तासात कळते की तीन पीसी आयमॅपवर आहेत, दोन पॉपवर, आणि साहेबांच्या पीसीला जुन्या नोकरदाराची पीएसटी अजून जोडलेली आहे.

पॉपवरून आयमॅपवर येताना घाई नको. जुने अकाउंट काढून नवे जोडण्याआधी पीएसटी फाइलची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि तीही आउटलूक पूर्ण बंद करून. उघड्या आउटलूकमध्ये ती फाइल अडकलेली असते. मग त्याच आउटलूकमध्ये तोच पत्ता आयमॅपने जोडा. आता डावीकडे दोन झाडे दिसतील, एक जुन्या पीएसटीचे आणि एक सर्व्हरचे. सर्व्हरच्या झाडात वर्षवार फोल्डर करा आणि जुने मेल एकेका वर्षाचे उचलून तिथे कॉपी करा. 'हलवा' म्हणू नका, 'कॉपी' म्हणा. एका वर्षाचे झाले की दोन्ही बाजूंच्या फोल्डरवर उजवे क्लिक करून एकूण मेलची संख्या ताडून पाहा. २०१९ च्या फोल्डरमध्ये इकडे ४,३१२ आणि तिकडे ४,२९० दिसले, तर उरलेले बावीस शोधल्याशिवाय पुढच्या वर्षाला हात लावू नका. बहुतेकदा ते मोठ्या जोडपत्रांचे मेल असतात आणि सर्व्हरच्या मर्यादेत बसलेले नसतात.

या कामाला किती दिवस लागतील, हे आधीच मोजून ठेवा. गूगलच्या सर्व्हरवर आयमॅपने दिवसाला ५०० एमबीच चढवता येतात. सहा जीबीची पीएसटी असेल तर हे काम बारा दिवसांचे आहे. मधेच अडले म्हणून कॉम्प्युटरवाल्यावर वैतागण्यात अर्थ नाही. गूगल वर्कस्पेस असेल तर आउटलूकमधून मेल नेण्यासाठी गूगलचेच वेगळे साधन आहे आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ कडेही पीएसटी आयात करण्याची सोय आहे. फाइल मोठी असेल तर तोच रस्ता धरा.

अकाउंट जोडताना

एक्स्चेंज किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चे अकाउंट असेल तर पत्ता आणि पासवर्ड टाकला की बाकीचे आउटलूक स्वतः शोधून घेते. शोधत नसेल तर दोष पीसीत कमी आणि तुमच्या डोमेनच्या डीएनएसमधल्या ऑटोडिस्कव्हर नोंदीत जास्त असतो. ही नोंद एकदा दुरुस्त केली की सगळ्या पीसींचे काम सोपे होते, म्हणून प्रत्येक पीसीवर हाताने सर्व्हरचे नाव भरत बसू नका.

आयमॅपसाठी येणाऱ्या मेलचा पोर्ट ९९३. जाणाऱ्या मेलसाठी ५८७ वर स्टार्टटीएलएस किंवा ४६५ वर थेट टीएलएस. जुन्या सेटिंगमध्ये जाणाऱ्या मेलला २५ दिसला तर तो बदलाच. अनेक ब्रॉडबँड कंपन्या तो पोर्ट ग्राहकांसाठी बंद ठेवतात, त्यामुळे ऑफिसातून मेल जातो आणि घरून लॅपटॉपवर अडकतो, असा प्रकार होतो. शिवाय 'जाणाऱ्या सर्व्हरलाही पासवर्ड लागतो' ही खूण विसरली जाते. मेल येतात पण जात नाहीत, अशी तक्रार आली की आधी तिथे पाहा.

पासवर्ड बरोबर असूनही आउटलूक पुन्हा पुन्हा तोच विचारते, ही सध्याची सर्वांत मोठी डोकेदुखी. तिचे कारण बहुतेक वेळा असे असते : नुसत्या नाव-पासवर्डावर आत घेण्याची जुनी पद्धत मोठ्या कंपन्यांनी बंद केली आहे. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ती ३० मे २०२२ पासून बंद केली, मायक्रोसॉफ्टने ऑनलाइन एक्स्चेंजसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने. आता आउटलूकने ब्राउझरसारखी खिडकी उघडून, ओटीपी किंवा फोनवरची संमती घेऊन आत जायचे असते. आउटलूक २०१० ला ही पद्धत येतच नाही. तिथे पासवर्ड दहादा बदलून उपयोग नाही, सॉफ्टवेअरच बदलावे लागते. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे बजेट करताना लक्षात घ्या. जीमेलला दोन टप्प्यांची खातरजमा चालू केली की सोळा अक्षरांचा वेगळा ॲप पासवर्ड काढता येतो. ऑफिसातला स्कॅनर थेट मेलवर स्कॅन पाठवत असेल, किंवा हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिले मेलने जात असतील, तर त्यांना तो पासवर्ड लागतो. ॲप पासवर्ड प्रत्येक यंत्राला वेगळा काढा. एखादा पीसी विकला की त्याचा तेवढा रद्द करता येतो.

सर्टिफिकेटची इशारावजा पाटी आली तर डोळे मिटून 'होय' दाबू नका. जुन्या पीसीत मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते, रात्री लाइट गेली की तारीख काही वर्षे मागे जाते, आणि सकाळी सर्व्हरचे सर्टिफिकेट 'अजून सुरूच झालेले नाही' असे आउटलूकला वाटते. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहा. तारीख बरोबर असेल तर अँटिव्हायरसचे मेल तपासणारे कलम मधे येते का ते पाहा. दोन्ही ठीक असेल तर थांबा आणि मेल सेवा देणाऱ्याला विचारा.

जीमेल आयमॅपने जोडताना दोन गोष्टी सोडू नका. ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंगमधल्या 'लेबल्स'मध्ये 'ऑल मेल'समोरची 'आयमॅपमध्ये दाखवा' ही खूण काढा, नाहीतर प्रत्येक मेल पीसीवर दोनदा उतरतो. दुसरे, पाठवलेल्या मेलची प्रत जीमेल स्वतःच ठेवते, म्हणून आउटलूकमध्ये 'पाठवलेल्याची प्रत ठेवू नका' हा पर्याय निवडा. नाहीतर 'सेंट'मध्ये प्रत्येक उत्तर जोडीने दिसते आणि कोणते खरे गेले, यावर वाद होतो.

ऑफलाइन प्रत किती ठेवायची

इंटरनेट गेले तरी कालचा मेल उघडता यावा, यासाठी ऑफलाइन प्रत असते. आउटलूकमध्ये एक्स्चेंज अकाउंटला ही सोय २००३ पासून आहे आणि २०१३ पासून तिच्यात एक सरकपट्टी आली : गेल्या किती काळाचे मेल पीसीवर ठेवायचे. अकाउंट सेटिंगमध्ये तो पत्ता निवडून 'बदला' म्हटले की ती दिसते. डिस्क मोठी असेल तर नेहमीचा आकडा एक वर्षाचा असतो. ही पट्टी फक्त मेलपुरती; कॅलेंडर आणि संपर्क पूर्णच उतरतात.

सगळ्यांना एकच आकडा लावू नका. ऑफिसातच बसणाऱ्या, चांगले ब्रॉडबँड असलेल्या टेबलाला सहा महिने ते एक वर्ष पुरते. साइटवर जाणारा इंजिनिअर, घाटातून नाहीतर कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून प्रवास करणारा सेल्समन, तालुक्याच्या कोर्टात दिवस काढणारे वकील, यांच्या लॅपटॉपवर जास्त ठेवा, कारण त्यांना जुना मेल लागतो तो नेमका रेंज नसताना. उलट १२८ जीबीच्या छोट्या एसएसडीवर 'सगळे' ठेवाल तर विंडोजलाच श्वास घ्यायला जागा उरणार नाही. दोन शिफ्टचे लोक एकच पीसी वापरत असतील तर प्रत्येकाचे विंडोज लॉगिन वेगळे हवे आणि पट्टी एक महिन्यावर.

पट्टी मागे सरकवली म्हणजे जुने मेल पुसले गेले, असे नव्हे. ते सर्व्हरवर असतात. फोल्डरच्या तळाशी 'सर्व्हरवर आणखी मेल आहेत' अशी ओळ दिसते, तिच्यावर क्लिक केले की येतात. हे सगळ्यांना सांगून ठेवा, नाहीतर तीन वर्षांपूर्वीचा करार सापडत नाही म्हणून ऑफिसभर धावपळ होते. शोध घेतानाही हेच भान हवे : नेट नसताना पट्टीच्या आतलेच सापडेल. तसेच पट्टी मागे केल्याबरोबर ओएसटी फाइलचा आकार लगेच कमी होत नाही. जागा तातडीने हवी असेल तर आउटलूक बंद करा, ओएसटी फाइलचे नाव बदलून शेवटी 'जुनी' जोडा आणि पुन्हा उघडा. आउटलूक नवी फाइल बांधून घेते. त्याआधी 'आउटबॉक्स' रिकामा आहे ना, तेवढे पाहा. न गेलेले मेल फक्त पीसीवरच असतात.

एक अपवाद मात्र ठळकपणे सांगायला हवा. आयमॅपचे अकाउंट आउटलूकला जोडले की 'कॅलेंडर' आणि 'संपर्क' या फोल्डरांपुढे 'फक्त या कॉम्प्युटरवर' असे लिहिलेले येते. फाइल ओएसटीच असते, पण तिच्यातला हा भाग सर्व्हरवर कुठेही नसतो. ओएसटी पुन्हा तयार होते म्हणून ती पुसली, तर वर्षभराच्या तारखा आणि पाचशे पार्ट्यांचे पत्ते जातात. आधी ते निर्यात करून घ्या.

आउटलूकच्या फाइलीला ठरलेली मर्यादा ५० जीबीची आहे, पण तिथपर्यंत जायची वाट पाहू नका. पाच जीबीपर्यंत बहुतेक पीसी आरामात चालतात. दहाच्या पुढे गेली की मधे मधे अडखळणे सुरू होते, पंचवीसच्या पुढे रोजचेच. साध्या हार्ड डिस्कवर हे आधी जाणवते, म्हणून नवा पीसी घेण्याआधी एसएसडी बसवून पाहा.

पीएसटी ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर केलेल्या फोल्डरमध्ये ठेवून पीसीवरून उघडणे, हे आपल्याकडे सर्रास चालते. मायक्रोसॉफ्टचा याला आधार नाही आणि त्याला कारण आहे : नेटवर्क क्षणभर तुटले की फाइल बिघडते. वनड्राइव्हच्या कक्षेतल्या 'डॉक्युमेंट्स'मध्येही चालू पीएसटी ठेवू नका, आणि आउटलूक ती नेहमी तिथेच करते. वेगळा फोल्डर करा. वीज जाते त्या भागात पीसीला यूपीएस असलाच पाहिजे. मेल लिहिला जात असताना वीज गेली, तर पीएसटी बिघडण्याची भीती सर्वांत जास्त. बिघडली तर ऑफिसबरोबर येणारे स्कॅनपीएसटी नावाचे साधन वापरा, पण आधी बिघडलेल्या फाइलचीच प्रत घ्या आणि प्रयोग त्या प्रतीवर करा.

'मेल जात नाही' असा फोन आला की आउटलूकच्या तळाची पट्टी वाचायला सांगा. 'वर्किंग ऑफलाइन' लिहिले असेल तर 'सेंड/रिसीव्ह'च्या पानावरचे 'वर्क ऑफलाइन' हे बटण चुकून दाबले गेले आहे. पुन्हा दाबले की सुटते. 'डिस्कनेक्टेड' असेल तर मात्र नेट किंवा पासवर्डाकडे वळा. नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याचे नाव पत्त्यांच्या यादीत दिसत नसेल तर घाबरायचे कारण नाही. एक्स्चेंजमध्ये ती यादीही पीसीवर उतरवलेली असते आणि आउटलूक ती साधारण दिवसातून एकदा ताजी करते. आणि नाव टाइप करताना आपोआप सुचणारा पत्ता जुना असेल, तर त्या नावापुढची फुली दाबून तो काढा. सोडून गेलेल्या माणसाला पत्रे जात राहतात ती इथून.

अकाउंट्स, सेल्स, इन्फो अशी सामाईक खाती असतील तर त्यांचा पासवर्ड चौघांना वाटू नका. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये सामाईक पेटी करता येते, ५० जीबीपर्यंत तिला वेगळे लायसन्सही लागत नाही. फक्त तिच्यातून पाठवलेल्या मेलची प्रत पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये जाते, पेटीत नव्हे. ॲडमिनकडून ते सेटिंग बदलून घ्या. सोडून जाणाऱ्याची पेटीही याच पद्धतीने सामाईक करून ठेवता येते.

थंडरबर्ड आणि नवे आउटलूक

लायसन्सचा खर्च नको असेल तर थंडरबर्ड हा चांगला, फुकट आणि जुना जाणता पर्याय आहे. तिथे अकाउंट सेटिंगमधल्या सिंक्रोनायझेशनच्या पानावर 'या अकाउंटचे मेल या कॉम्प्युटरवर ठेवा' अशी खूण असते आणि कालमर्यादाही घालता येते. थंडरबर्डचे सगळे विंडोजच्या 'ॲपडेटा', 'रोमिंग', 'थंडरबर्ड' या फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर उचलला की अकाउंट, फिल्टर, पत्ते सगळे नव्या पीसीवर येते. पुसलेले मेल फाइलमधून लगेच जात नाहीत, त्यासाठी अधूनमधून फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावे लागतात. 'लोकल फोल्डर्स' मात्र फक्त त्या पीसीवरचे आहेत. तिथे नेलेला मेल सर्व्हरवरून जातो.

विंडोजचे जुने 'मेल' ॲप ३१ डिसेंबर २०२४ ला संपले आणि त्याच्या जागी नवे आउटलूक आले आहे. त्याचे नाव सारखे असले तरी जुन्या आउटलूकमधली कॉम ॲड-इन त्यात चालत नाहीत, आणि जीमेलसारखे बाहेरचे अकाउंट जोडताना ते मेलची प्रत मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवर घेण्याची संमती मागते. पक्षकारांची कागदपत्रे सांभाळणाऱ्या वकिलाने किंवा सीएने ती पाटी वाचून मगच निर्णय घ्यावा. माझे मत विचाराल तर अशा ऑफिसांनी सध्या जुन्या आउटलूकवर किंवा थंडरबर्डवर राहावे.

मराठीतून पत्रव्यवहार होत असेल तर आणखी एक तपासणी करा. आउटलूक २००२ पर्यंतच्या पीएसटी फाइलीत युनिकोड नव्हते आणि मर्यादा होती दोन जीबीची. अशी फाइल आजही पुढे पुढे ओढत आणलेली सापडते आणि तिच्यात नेलेल्या देवनागरी मेलच्या विषयात नुसती प्रश्नचिन्हे उरतात. ती अक्षरे परत येत नाहीत. नवी पीएसटी करून मजकूर वेळीच तिच्यात आणा. सहीचा मजकूरही जुन्या लिपी-फॉन्टमध्ये न ठेवता युनिकोडमध्ये टाइप करा, नाहीतर तुमच्या पदनामाच्या जागी समोरच्याला निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात.

बॅकअप आणि मूळ पुरावा

ऑफलाइन प्रत हा बॅकअप नाही, हे मालकांना पटवून द्यावे लागते. कुणी चुकून फोल्डर पुसला की पुढच्या मिनिटाला तो पीसीवरून, सर्व्हरवरून आणि फोनवरून, तिन्हीकडून जातो. बॅकअप म्हणजे सर्व्हरपासून वेगळी, तारीख टाकलेली, जोडणी तोडून ठेवलेली प्रत. छोट्या ऑफिसात दर तिमाहीला प्रत्येक पेटी पीएसटीत निर्यात करून दोन हार्ड डिस्कवर ठेवणे जमते. त्यातली एक ऑफिसच्या बाहेर हवी.

किती वर्षे, याला कायद्याचा आधार घ्या. कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तके आणि संबंधित व्हाउचर ८ आर्थिक वर्षे सांभाळायची असतात, जीएसटीत वार्षिक विवरणाच्या देय तारखेपासून ७२ महिने. त्या व्यवहारांचे मेलही तितकी वर्षे हाताशी हवेत. आणि वाद कोर्टात गेला तर मूळ प्रतीचा प्रश्न तिथेही उभा राहतो. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीतून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला स्पष्ट केले, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करताना प्रमाणपत्र आवश्यकच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ही अट कायम आहे आणि प्रमाणपत्रात हॅश मूल्यही द्यावे लागते. म्हणून महत्त्वाच्या व्यवहाराचा मेल प्रिंट काढून किंवा पीडीएफ करून पुसू नका. हेडरसह मूळ मेल पेटीत राहू द्या.

लॅपटॉपवर ऑफलाइन प्रत ठेवली म्हणजे लॅपटॉप चोरीला गेल्यावर ती प्रत चोराच्याही हाती जाते. विंडोजचा पासवर्ड डिस्क बाहेर काढणाऱ्याला अडवत नाही. फिरतीवरच्या प्रत्येक लॅपटॉपवर बिटलॉकर चालू करा आणि त्याची रिकव्हरी की ऑफिसात जपून ठेवा. ती हरवली तर तुम्हालाही डिस्क उघडता येणार नाही.

सगळे जोडून झाले की निघण्याआधी एक चाचणी घ्या. पीसीची लॅनची तार काढा किंवा वायफाय बंद करा. महिन्यापूर्वीचा जोडपत्र असलेला एक मेल उघडा. जोडपत्र उघडले नाही तर मेलचे नुसते शीर्षकच उतरले आहे, सेटिंगमध्ये पूर्ण मेल उतरवण्याचा पर्याय निवडा. मग स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर एक मेल लिहून पाठवा. तो 'आउटबॉक्स'मध्ये थांबला पाहिजे. तार पुन्हा जोडा. तो आपोआप गेला, फोनवर आला, आणि 'सेंट'मध्ये एकदाच दिसला, तर वहीत त्या टेबलासमोर तारीख टाका आणि पुढच्या पीसीकडे वळा.